शेवंतीबाईंचा अंगठा

लालबागच्या त्या चाळीत शेवंती परबांइतकी संशयी बाई दुसरी नव्हती. सुकट घेतानाही पारड्याखाली हात फिरवून बघायच्या, काही चिकटवलंय का. लोक हसायचे. हसोत बापडे! गिरण्यांच्या संपात ज्यांचं घर धुऊन निघालं, त्यांनी विश्वास आणायचा तरी कुठून?

त्यांचे यजमान महादेव गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संप मोडत आला तेव्हा ‘कामावर परत घेतो’ म्हणून एकाने त्यांचा कागदावर अंगठा घेतला. तो निघाला राजीनामा. महादेव त्यातून पुन्हा उठलेच नाहीत. शेवंतीबाईंनी मात्र शेजारच्या मीनाक्षीकडून पाटीवर स्वतःचं नाव गिरवायला शिकून घेतलं आणि शपथ घेतली, यापुढे सही. अंगठा कुणाला द्यायचा नाही.

वर्षं गेली. चाळ पाडून टॉवर बांधायची भाषा सुरू झाली आणि कमिटीची निवडणूक लागली. अध्यक्ष दत्ताराम चाळ बिल्डरच्या हवाली करायला उतावीळ. त्याच्यासमोर उभी राहिली मीनाक्षी. तिचं म्हणणं एवढंच, आधी लेखी करार, मग खोल्या सोडू. एका खोलीला एक मत. मागच्या खेपेला मेलेल्या भाडेकरूंनीही मतं टाकली होती, म्हणून या वेळी दत्तारामने यंत्र आणलं. अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की बटण दाबायचं. खोटं मत पडणारच नाही म्हणे!

दत्तारामला एवढा खऱ्याचा पुळका? शेवंतीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. अंगठ्यांची नोंद करायला माणसं दारात आली, तेव्हा त्या उसळल्या, “माका सही येता. अंगठो कित्याक होयो? अंगठाबहाद्दर समजलास काय?” आणि दार लावून घेतलं. त्यांचा मुलगा जयवंत त्या माणसांची समजूत काढायला खाली गेला. करी रोडच्या टॉवरमध्ये तो वॉचमन होता. नोकरी दत्तारामनेच लावून दिलेली.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी मीनाक्षी आली. “मावशी, एकेका मताची गरज आहे हो. राहिलेल्यांची नोंद उद्या मंडळाच्या खोलीत, मतदानाच्या जागीच करतायत. माझ्यासाठी एकदा द्या अंगठा.”

रात्रभर त्या अंगठा मुठीत मिटून जाग्या राहिल्या. पण खोली गेली तर जायचं कुठे? दुपारी त्या मंडळाच्या खोलीत गेल्या आणि शपथ मोडून यंत्रावर अंगठा ठेवला.

लाल दिवा.

“आजी, नाव काय?”

“शेवंती महादेव परब.”

यंत्रावरच्या पोराने पडद्यावर पाहिलं. “त्यांचं मत सकाळीच पडलं. अंगठा बरोबर जुळलाय.”

“अरे, शेवंती मी! कोण इल्लो? बाई की बापयो?”

“एवढ्या गर्दीत कुठे बघणार, आजी? आम्ही दिवा बघतो.”

“सही करून दाखवतंय! आण कागद!”

“सही चालत नाही.”

सगळ्या जगावर संशय घेतलेल्या त्या बाईने घरातल्या माणसावर कधीच घेतला नव्हता. त्या वळल्या. दारात जयवंत उभा होता, उजवा हात पँटच्या खिशात. आईची नजर तिथे गेली, तसा तो हात आणखी आत सरकला.

“कोणाक दिलंस रे?” त्यांनी हळूच विचारलं.

जयवंतने मान खाली घातली.

“आये, मत गुप्त असता.”