पाटीची चार भोकं

कुंदाचा स्वतः बनवलेल्या यंत्रावरही विश्वास नसे. रोज सकाळी ती आधी त्यात आपला जुना क्वार्ट्झचा खडा ठेवी. क्वार्ट्झ ठरलेल्या तापमानाला आपली रचना बदलतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो बदल नेमका त्या आकड्याला दिसला, तरच नवं खनिज आत जायचं. "आधी ओळखीच्याची गवाही, मग अनोळख्याची चौकशी," ती म्हणायची. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, दूधविनायकच्या गल्लीत वाढलेली. तिच्या मराठीत हिंदी अशीच मिसळून यायची.

आमच्या भूविज्ञान विभागात मी प्रमुख, ती व्याख्याती. सूक्ष्मदर्शकाखाली खनिज तापवायची आमची परदेशी भट्टी एका कडेला जास्त तापायची. आकडे खोटे यायचे. कंपनीचा माणूस म्हणाला, नवीनच घ्या. कुंदा म्हणाली, "क्यों भला?" आणि साडी विणणाऱ्या शेजाऱ्यांकडून जरीची तार गुंडाळायचा चरखा उचलून आणला. त्यावर ती नव्या भट्टीसाठी केसासारखी प्लॅटिनमची तार गुंडाळू लागली, वेढ्याला वेढा चिकटू न देता.

मी चिडवलं, "कुंदा, ही प्रयोगशाळा आहे की विणकरांचा मदनपुरा?"

"दादा, मदनपुऱ्यात वेढा चुकला तर साडी परत येते. आपल्याकडे पेपर छापून येतो!"

तार तुटायची. ती एक शिवी हासडून पुन्हा बसायची. अखेर खड्याने गवाही दिली.

मग पाहुणे आले, कौतुक झालं आणि यंत्रावर पितळी पाटी लागली. 'रचना' या शब्दापुढे माझं नाव. मजकूर मीच लिहून दिला होता. कुंदाने तो वाचला. "दादा, तिरकी लागलीय. सीधी करा," एवढंच म्हणाली. पुढे मी निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी खडा तपासला, की मला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणायची, "शाबास! आज पण खरं बोललास."

या फाल्गुनात ती गेली. शोकसभेत तिला 'मेहनती सहकारी' म्हणाले. दुसऱ्याच दिवशी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन विभागात गेलो आणि पाटी उतरवली. नवे प्रमुख धावत आले. "सर, ये क्या कर रहे हैं? कमिटी से पूछना पड़ेगा!"

कमिटीला खुशाल विचारा. तिच्या नावाची पाटी लावणार नसाल, तर चार भोकं तशीच राहू द्या. माझं नाव तिथे परत चढणार नाही. म्हाताऱ्याची आठवण दगा देते, असंही कुणी कुजबुजतंय. मग पुरावाच घ्या. चरखा अजून कपाटावर आहे. तो माझ्यापुढे ठेवा, तार हातात द्या आणि वेढे घालायला सांगा.

मला येत नाही. कधीच येत नव्हतं.