शेवटच्या कार्यक्रमाचा रोल

काका द्रावणाच्या बाटलीचं झाकण दोनदा पिळतात. अंधारात फिल्म रिळावर चढवतानाही डोळे मिटून घेतात. गाण्याच्या कार्यक्रमाचे फोटो काढताना फ्लॅश कधीच वापरत नाहीत. खोकला आला तर टाळ्या पडेपर्यंत दाबून धरतात. आणि रोल धुण्याआधी फिल्मच्या टोकाचा तुकडा डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, बुडवून बघतात. काळा पडला, तर बाटली बरोबर.

"डोक्याची चाळणी झालीय माझ्या," असं ते मध्यंतरी म्हणाले. मी हसलो. मग त्यांनी सांगितलं, गेल्या महिन्यात एक रोल धुताना डेव्हलपरच्या आधीच फिक्सर, म्हणजे न उमटलेलं सगळं पुसून टाकणारं द्रावण, ओतलं गेलं. फिल्म काचेसारखी कोरी निघाली. अशी गेलेली चित्रं परत येत नाहीत. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

राहिला होता ताईंचा रोल. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. चाळीस वर्षं गायल्या. शेवटच्या कार्यक्रमानंतर गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. त्या संध्याकाळचे फोटो फक्त या रोलवर आहेत.

मंगळवारी दुपारी काकांनी मला मदतीला बोलावलं. ताई बाहेर वही घेऊन बसल्या होत्या. काकांनी अंधारात रोल उजेड न शिरणाऱ्या छोट्या टाकीत भरला, झाकण लावलं, मग दिवा लावून पहिल्या बाटलीतलं द्रावण ओतलं. रंगमंचावर उजेड कमी होता, म्हणून अकरा मिनिटं द्यायची होती. घड्याळ माझ्या हातात.

चौथ्या मिनिटाला त्यांचा हात थांबला. टेबलावर फिल्मचा तुकडा पडला होता. कोरडा, न बुडवलेला.

"बाटल्या सकाळी मीच भरल्या ना रे?"

"काका, लेबल वाचलंय मी. डेव्हलपरच आहे."

"लेबल बाटलीचं. आत काय भरलं?"

बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं. मी तुकडा त्यांच्या हातात दिला. बाटलीच्या तोंडाशी धरून ते उभे राहिले. मग तुकडा न बुडवताच खिशात टाकून ते बाहेर गेले.

पुढचं मी केलं. अकरा मिनिटं, दुसरी बाटली, पाणी. टाकी उघडली नाही. ती नेहमी काकाच उघडतात. खरं सांगायचं तर मलाही धीर झाला नाही.

ताईंनी वहीत लिहिलं, "बघ ना रे." काका म्हणाले, "उद्या."

आज शुक्रवार. फिल्म फार दिवस पाण्यात राहिली तर तिच्यावरचा थर सुटतो. मी दोनदा सांगून पाहिलं. टाकी अजून मोरीत आहे, झाकण लावलेली.