आधी तुकडा काढून बघा

१९६३ साल. बसवनगुडीत घरी ब्लाउज शिवणाऱ्या कस्तुराबाईला एके दिवशी न्हाताना उजव्या स्तनात सुपारीएवढी गाठ लागली. धाकट्याचं दूध सुटून तो शाळेतही जायला लागला होता. मग दूध गोठायचं कसं? शेजारच्या भागुबाईच्या सांगण्यावरून तिनं आंबेहळदीचा लेप लावून बघितला. गाठ वाढली, कातडी लाल झाली, बोंड आत ओढलं गेलं. ठणका तर असा, की शिलाई मशीनवर वाकवेना.

नवऱ्याला, यल्लाप्पाला, कळलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याची थोरली बहीण अशीच गाठ लपवून गेली होती. दुसऱ्याच दिवशी तो तिला मोठ्या इस्पितळात घेऊन गेला.

डॉक्टर भीमाचार्यांनी गाठ चाचपली, काखेतही बघितलं. संत्र्याच्या सालीसारख्या खरबरीत झालेल्या कातडीवर त्यांची नजर थांबली.

"कॅन्सरच वाटतोय. पूर्ण स्तन काढावा लागेल."

"उद्याच काढा, साहेब. सही कुठं करू?" यल्लाप्पा म्हणाला.

कस्तुराबाई उठून बसली. "डॉक्टर, मला फार दुखतं. नणंदेची गाठ कितीतरी दिवस दुखलीच नव्हती."

"खरंय, कॅन्सर सुरुवातीला सहसा दुखत नाही. पण अम्मा, त्यावर भरवसा ठेवता येत नाही."

"आणि कापल्यावर कळलं, की ते नव्हतंच, तर परत लावाल?"

डॉक्टरांनी पुन्हा एकदा गाठ चाचपली. मग म्हणाले, "आधी तुकडा काढून तपासू. पण निकालाची वाट बघावी लागेल."

बाहेर येताच यल्लाप्पा तडकला. "माझी अक्का बी वाटच बघत बसली होती!"

"अहो, त्यांनी लपवलं. मी विचारतेय."

तुकडा काढल्यावर तिला इस्पितळातच ठेवलं; तो रोज डबा आणून ठेवायचा, पण बोलायचा नाही. ती पट्टी बांधून पडून राहायची. आपल्या हट्टापायी पोरं आईविना होतील की काय, या विचारानं घास उतरत नसे.

निकाल घेऊन डॉक्टर स्वतः आले. "कॅन्सर नाही. क्षयानंही अशी गाठ येते, पण तोही नाही. दुधाच्या नळ्या फुगल्या, आत साठलेलं बाहेर झिरपलं आणि भोवती सूज आली. क्वचित दिसणारा आजार आहे. हातानं चाचपून मीही फसलो. सूक्ष्मदर्शकाखाली सुजेच्या पेशींची दाटी दिसली, तेव्हा उलगडा झाला."

यल्लाप्पा व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकला आणि मेलेल्या बहिणीचं नाव घेऊन ढसाढसा रडला.

डॉक्टरांनी सुजलेला भाग नि खराब नळ्या तेवढ्या काढल्या. जखम मात्र चिवट निघाली. एकदा भरली, पुन्हा वाहिली. पट्टी बदलायला आता यल्लाप्पाच बसायचा.

"दुखतंय?"

"स्वल्प, थोडंसंच," ती म्हणायची. "हात हलका ठेवा."