मागच्या दाराची खोली

आईच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी रोज विजेचा शेक घ्यायला सांगितला, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो राहायचं कुठं याचा. आमचं गाव वैरागच्या पुढं. तिथून एसटीनं सोलापूर गाठताना धडधाकट माणसाचं अंग खिळखिळं होतं, आणि आई तर पाणीसुद्धा नाकातल्या नळीतून घेत होती. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. मी एकुलती एक, पुण्यात नोकरीला. बिनपगारी रजा टाकून आले होते.

सोलापुरात आईचे चुलतभाऊ राहतात. त्यांच्याकडं आधी गेलो. मामींनी चहा विचारला, पण तो घेऊन आल्या ते कागदी कपात. आईला चहा चालत नाही, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. "घरात बारकी पोरं हायत. तेवढं समजून घ्या," त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या. आईनं समजल्यासारखी मान हलवली. मामा आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आले आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा म्हणून काहीबाही बोलत राहिले. पत्ता आमच्याकडंच नव्हता.

हॉस्पिटलच्या धर्मशाळेत जागा नव्हती. राहता राहिलं लॉज. आमच्याकडं हॉटेल म्हणजे भजी खायची जागा, आणि लॉज म्हणजे चांगल्या घरच्या बाईनं नाव काढू नये अशी जागा. आईनं पदर डोक्यावरून इतका पुढं ओढला की नळी दिसेना.

स्टेशनजवळच्या पहिल्या लॉजमध्ये मॅनेजरनं माझ्या खांद्यावरून मागं नजर टाकली. "जेन्ट्स कोण हायत सोबत?"

"कुणी नाही. आम्ही दोघीच. माय-लेकी."

"मग अवघड हाय, मॅडम. दोघी लेडीजला देत न्हाय आमी."

मी आधार कार्डं पुढं केली, हॉस्पिटलची फाइल दाखवली. फाइल बघितल्यावर तर त्यानं टीव्हीकडं तोंड फिरवलं. आई पायरीवर उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. "चल," एवढंच म्हणाली. तेव्हा तिचा आवाज पत्रा घासावा तसा झाला होता, पण शब्द कळायचे.

दुसरं हॉटेल चांगलं होतं. काचेचं दार, आत गारवा, लिफ्ट. तिथल्या माणसानं "या, बसा," म्हणून आईला खुर्ची दिली. मला खोलीही दाखवली. खिडकी होती, संडास कमोडचा होता, मला तेवढंच हवं होतं. खाली आलो तेव्हा आईला ठसका लागलेला. पदर बाजूला झाला होता आणि ती रुमालात थुंकी धरत होती. त्या माणसानं माझ्याशी फार हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. "गेस्ट लोक तक्रार करतात, ताई. माझ्या हातात असतं तर मी दिली असती." त्यानं आम्हाला दुसऱ्या एका लॉजचं नाव सांगितलं. तिथं पेशंट घेतात म्हणाला.

ते लॉज पूर्व भागात होतं, पूर्वीच्या यंत्रमागाच्या शेडवर मजला चढवून केलेलं. मालक साठीचा, घरात तेलुगू बोलणारा. मागांचा खडखडाट बंद झाला तेव्हा त्यानं शेडमध्ये भिंती घालून खोल्या पाडल्या, हे त्यानंच पहिल्या दिवशी सांगितलं.

"पेशंटला मागच्या खोल्या देतो. पण एक अट हाय. पुढच्या दारानं यायचं-जायचं न्हाय. पुढं व्यापारी उतरतेत. बोळातून मागचं दार हाय, ते तुमचं."

मागच्या खोल्या खालीच होत्या, पेशंटला पायऱ्या चढायला लागत नव्हत्या आणि हॉस्पिटल जवळ होतं. मी हो म्हटलं. आईला विचारलंसुद्धा नाही, कारण विचारण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

खोलीला खिडकी नव्हती. वर छताजवळ एक झरोका, त्यातून बोळातल्या गटाराचा वास यायचा. दिवसाही ट्यूब लावावी लागे. मागच्या सगळ्या खोल्यांत असलेच लोक. कुणाच्या गालाला भोक पडलेलं, कुणाचे केस गेलेले. बोळातल्या दोरीवर सगळ्यांची फडकी एकत्र वाळायची. सकाळी शेक घेऊन यायचं, मी हीटरवर पेज करायची, गाळून नळीतून घालायची, आणि आई भिंतीकडं तोंड करून पडायची. शेकानं तिची मान भाजल्यासारखी काळी पडली.

शेजारच्या खोलीत अक्कलकोटच्या बाजूचं एक जोडपं होतं. नवरा पेशंट. बाईला कन्नडशिवाय काही येत नव्हतं. आईला कन्नड येत नव्हतं आणि डॉक्टरांनी बोलायलाही मनाई केलेली. तरी दुपारी दोघी बोळात पायरीवर बसायच्या. ती बाई आईचे केस विंचरून द्यायची. आई तिच्या नवऱ्याची फडकी पिळू लागायची. मला ते आवडायचं नाही. आपलंच थोडं आहे का, असं वाटायचं.

उन्हं फार चढली होती त्या दिवसांत. एका दुपारी शेजारून आरडाओरडा नाही, नुसता भांडं पडल्याचा आवाज आला. आम्ही दोघी धावलो तर तो माणूस गेलेला होता. बाई त्याचे पाय धरून बसली होती. तिनं मला फोन दाखवला, मुलाशी बोलणं झालं होतं. "मगा बरतान, मगा बरतान," ती म्हणत होती. मुलगा येतोय.

मालक धावत आला. दारातच थांबला. "आत्ताच्या आत्ता उचला. अँब्युलन्स बोलावतो मी. हॉस्पिटलात ठेवा. पोरगा तिकडं येईल."

"मुलगा निघालाय. थोडा वेळ थांबा की," मी म्हटलं.

"ताई, पुढं लोक उतरलेत. कळलं तर एक गिऱ्हाईक थांबायचं न्हाय. माझं पण पोट हाय." त्यानं दोन माणसं बोलावली. त्यांनी चादर गुंडाळायला घेतली, तशी त्या बाईनं नवऱ्याला मिठी घातली. तिला सोडवायला एकानं तिचं मनगट धरलं.

आई माझ्यामागं उभी होती. ती वळली. मला वाटलं खोलीत गेली. पण ती मधल्या बोळकांडीतून पुढं निघाली, जिकडं आम्हाला जायची मनाई होती. मी मागं पळाले. पुढच्या काउंटरसमोर सोफा होता, चादरींचे नमुने घेऊन आलेले दोन व्यापारी तिथं बसले होते. आई त्यांच्या समोर बसली आणि डोक्यावरचा पदर काढून मांडीवर घेतला. नळी, काळी मान, सुजलेला चेहरा, सगळं उघडं.

व्यापारी उठून उभे राहिले. मालक मागून आला. "आजी, उठा. हितं न्हाय बसायचं."

आईनं दोन्ही हातांनी सोफ्याची कड धरली. "तिचं पोरगं येस्तवर," ती म्हणाली, श्वास घेतला, पुन्हा म्हणाली, "तिचं पोरगं येस्तवर मी हितंच बसनार."

मालकानं माझ्याकडं बघितलं. मी आईला उठवावं अशी त्याची अपेक्षा होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तो कपाळाला हात लावून आत गेला आणि त्यानं त्या माणसांना बाहेर बोलावलं.

मुलगा ऊन कलल्यावर आला, चुलत्याला घेऊन. वडिलांना पुढच्याच दारानं नेलं, कारण अँब्युलन्स बोळात शिरत नव्हती. जाताना त्या बाईनं आईचे दोन्ही हात आपल्या गालांना लावले. तोवर आईच्या रुमालात रक्त आलं होतं. त्यानंतर तिला शब्द फुटलाच नाही. काही हवं असलं की ती माझा दंड दाबायची.

दुसऱ्या दिवशी मालकानं मागच्या सगळ्या पेशंटना खोल्या सोडायला सांगितल्या. आमच्याकडं त्यानं बघितलं नाही. गालाला भोक पडलेल्या माणसाची सून मला म्हणाली, "तुमच्या आईमुळं झालं हे. आता आमी कुटं जायाचं?" आई पिशवीवर बसून होती. तिनं ते ऐकलं आणि त्या सुनेपुढं हात जोडले.

डॉक्टर म्हणाले, मध्येच सोडू नका, शेक अर्धाच झालाय. आणखी दोन-तीन लॉज पाहिले. एका ठिकाणी जिना चढता चढता आई खाली बसली, ती उठेना. तिथून मी जीप केली आणि तिला गावी आणलं.

पाऊस लागायच्या आत ती गेली. सकाळची वेळ होती, मी पेज गाळत होते. शेजारच्या बायका आल्या, पण अंघोळ घालायला पुढं कुणी होईना. एकमेकींकडं बघत त्या उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. मी पाणी तापवलं आणि एकटीनंच तिला अंघोळ घातली. मानेवरची भाजलेली कातडी निघू नये म्हणून तिथं नुसतं ओलं फडकं ठेवलं.