लोटनच्या रांजणातलं अनंतमूळ

खापरच्या बस थांब्यावर ज्याने उन्हाळ्यात कधी पाणी प्यायलं, त्याला लोटन ठाऊक असतोच. ग्रामपंचायतीत नळाला पाणी सोडायच्या कामावर हा माणूस म्हातारा झाला. घरी बसून आराम करावा, तर तेही नाही. नोकरीत होता तेव्हापासून गुढीपाडव्याला थांब्यावरच्या लिंबाखाली रांजण मांडायचा, तो मृग लागेपर्यंत हलवायचा नाही. बायको रंजनाबाई म्हणायची, याला पाण्याचंच वेड लागलंय. म्हणायची आणि रांजण स्वतःच घासायची.

त्या रांजणात अनंतमूळ असायचं. सातपुड्याच्या पायथ्याला झुडपांच्या अंगावर चढणारी ही बारीकशी वेल. तिचं मूळ पाण्यात टाकलं की पाण्याला असा काही गोड वास येतो की तहान नसलेला माणूसही दुसरा गिलास मागतो. अडचण एवढीच की तिच्या शेजारी अगदी तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असते. तिच्या मुळाला वास नाही, गुण नाही. लोटन तिला नुसतं 'खोटी' म्हणायचा. उन्हाळ्यात दोघींची पानं झडतात, उरतात सारख्याच काड्या. मग मूळ उकरायचं, नखाने खरवडायचं आणि नाकाला लावायचं, दुसरा उपाय नाही. लोटनने आणलेलं प्रत्येक मूळ रंजनाबाई पुन्हा हुंगून बघायची. तीस उन्हाळ्यांत तिला एकही फेकावं लागलं नाही.

"तुमनं नाक शे का कुत्रानं?" ती म्हणायची. लोटनला याहून मोठा मान कुठे मिळाला नव्हता.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघांना एकदमच ताप आला. दोघं नंदुरबारच्या दवाखान्यात गेले, लोटन एकटा परत आला. घरात शिरला तेव्हा त्याला वाटलं, लेकीने, दिपालीने, औषध टाकून घर धुतलं असेल, म्हणून कसलाच वास येत नाही. मग कांदा चिरताना कळलं, चहा उकळताना कळलं, की नाकच गेलंय. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो वाट बघत राहिला आणि कुणाला काही बोलला नाही.

पुढच्या पाडव्याला त्याने रांजण मांडला. इतक्या वर्षांची ओळख, डोळ्यांनी कळणार नाही का, असं म्हणत मुळं उकरून आणली, सोलली, रंजनाबाईसारखी पुरचुंडी बांधून रांजणात सोडली. लोक पाणी प्यायले, "आशीर्वाद शे बाबा," म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. खरं सांगायचं तर त्या रांजणावरच तो जगत होता. तिच्यासोबत करायचं तेवढं एकच काम त्याच्याकडे उरलं होतं.

तिसऱ्या वर्षी नवापूरकडच्या गाडीवर धर्मेंद्र नावाचा नवा कंडक्टर आला. गिलास रिकामा करून साधेपणाने म्हणाला, "बाबा, निस्तं पानीज ऱ्हावू द्या ना. ह्या काड्या कसाले टाकतस?"

"वास येत नही का?"

"कसाना वास?"

लोटन सरळ तुळशीबाईकडे गेला. ती थांब्यावर भाजी विकायची आणि दिवसातून चारदा त्याच्याकडे पाणी प्यायची. त्याने विचारलं तशी ती मेथीच्या जुड्या उगाच सारख्या करत बसली.

"दोन उन्हाया व्हई ग्यात, भाऊ," ती शेवटी म्हणाली. "सांगाना कोनलेज धीर व्हयना नही."

म्हणजे सगळ्या थांब्याला माहीत होतं. दोन वर्षं लोक खोटीचं पाणी पिऊन त्याला आशीर्वाद देत होते. लोकांचा राग यावा, तर तेही जमेना. त्याला लाज वाटली ती रंजनाबाईची. त्याने पुरचुंडी काढून गटारीत टाकली आणि तो सगळा उन्हाळा रांजणात नुसतं पाणी ठेवलं.

भाद्रपदात तो डोंगरात गेला. आता दोघी वेली पानांनिशी उभ्या होत्या. अनंतमुळाच्या पानावर मधल्या शिरेशी पांढुरका पट्टा असतो, आणि पानाच्या बगलेत फूल येतं ते ज्वारीच्या दाण्याएवढं, बाहेरून हिरवट, आत जांभळं. इतक्या वर्षांत त्याने ते फूल कधी पाहिलंच नव्हतं. नाक होतं तेव्हा गरज कुणाला होती? गुडघे टेकून, चष्मा पुसून तो एकेक वेल बघत गेला. खात्री पटली की पिशवीतून रंजनाबाईचं हिरवं लुगडं काढायचा, एक पट्टी फाडायचा आणि वेलीच्या बुडाशी बांधायचा, म्हणजे पानं झडली तरी चूक होणार नाही. ते लुगडं दिपालीने गोधडीसाठी मागितलं होतं. त्याने दिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत चाळीसेक वेली झाल्या आणि हातात नुसता पदर उरला. तो फाडवेना. बांधावर बसून तो लहान मुलासारखा रडला.

पाडव्याच्या आधी त्याने खुणेच्या वेली शोधल्या. पट्ट्या उन्हाने पांढऱ्या पडल्या होत्या, पण जागच्या जागी होत्या. मुळं आणली, सोलली, पदराचाच तुकडा घेऊन पुरचुंडी बांधली.

सकाळी पहिला गिलास त्याने तुळशीबाईला दिला आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. तिने गिलास ओठांशी नेला आणि तिथेच थांबली. मग ओट्यावर खाली बसली.

"रंजनाबाई परत उनी ना, भाऊ," ती म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

लोटनने स्वतः गिलासभर पाणी घेतलं. सावकाश, घोट घोट प्यायलं. पाणी थंड होतं, बाकी काही नव्हतं.

"कसा शे वास?" त्याने विचारलं. "जरा सांग ना माले."

तुळशीबाईने आणखी एक घोट घेतला. मग म्हणाली, "तुमना घरमा शिरनू का जो वास येत ऱ्हाये, तसा."

लोटनने मान हलवली. त्याला ते दार आठवलं, दारातली रंजनाबाई आठवली. वास आठवला नाही. तेवढ्यात गाडी आली, माणसं उतरली, आणि तो गिलास विसळायला लागला.