लाल सुतळी

आमच्या वन्सं, म्हणजे माझी नणंद, जन्माच्या भित्र्या. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायच्या. आणि नोकरी कुठे? जनावरांचं खाद्य बनवणाऱ्या कारखान्यात, खोलीएवढ्या धडधडत्या यंत्रावर. मी आयुष्यभर रंगमंचावर किंकाळ्या फोडून टाळ्या घेतल्या; पण खऱ्या भीतीला आवाज नसतो, हे मी वन्संच्या स्वयंपाकघरात पाहिलं.

संध्याकाळी आम्ही दोघी चहा पीत होतो. त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, नुकतेच त्याच कारखान्याच्या टेम्पोवर लागले होते. ते आले, खिशातून लाल सुतळी काढून त्यांनी खुंटीला अडकवली.

“ही कुठली?” वन्संनी विचारलं.

“यंत्रामागच्या पोत्याची. मजबूत आहे, कामाला येईल.”

“आणि पोतं?”

“घोडेवाल्याच्या मालात एक कमी पडत होतं, तेच चढवलं. नुसता मका तर होता. पिवळाधमक!”

वन्संनी खुंटीवरची सुतळी ओढून घेतली.

“अहो, तो धुवणीचा मका!”

कोंबड्यांच्या खाद्यात रोगावरचं औषध घालतात. कोंबडीला ते सोसतं, घोड्याच्या काळजाला मात्र विष. म्हणून तसलं खाद्य काढलं की यंत्रातून साधा मका फिरवायचा, म्हणजे उरलंसुरलं औषध त्याला लागून बाहेर येतं. तो मका लाल सुतळीने बांधून वेगळा ठेवायचा, पुन्हा कोंबड्यांच्याच खाद्यात घालायचा. नियमच आहे तसा. नव्या माणसाला हे सांगायचं काम वन्संचं. पण नवा माणूस घरचाच, त्याला काय सांगायचं, म्हणून राहून गेलं.

घोडेवाला फोन उचलेना. आम्ही तिघं टेम्पोत बसलो. भाऊजी एरवी स्टेअरिंगवर गाणारे. आज एकच पालुपद. “त्याने अजून घातलं नसेल गं,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. वन्सं घोडेवाल्याला फोन लावतच होत्या.

तबेल्यात लेकरांना पाठीवर फिरवणारी म्हातारी घोडी टोपल्यात तोंड घालून उभी होती. वन्सं धावत गेल्या, टोपलं लाथाडलं आणि घोडीच्या जबड्यात हात घालून मका उपसू लागल्या.

“बाई, चावेल ती!” घोडेवाला ओरडला.

जनावरांचे डॉक्टर आले. “याला उतारा नाही. दोनचार घासच गेले असतील तर निभावेल. पण तिला चालवू नका, काही दिवस काळजावर लक्ष ठेवावं लागेल.”

वन्संनी तिथूनच खाद्य तपासनिसांना फोन लावला. “लाल सुतळीचं पोतं माझ्याकडून बाहेर गेलंय. नमुना घ्यायला या.”

“अगं, माझं नाव सांग की!” भाऊजी कळवळले. “तुझी नोकरी जाईल.”

“तुम्हाला सांगितलं नाही ते मी.”

पुढचे दिवस त्या सकाळ-संध्याकाळ तबेल्यात जायच्या, घोडीच्या बरगडीला कान लावून उभ्या राहायच्या. कारखान्यात चौकशी चालू होती, पण नोकरीचं नावही त्यांनी काढलं नाही. शेवटी डॉक्टरांनी नळी कानातून काढली. “वाचली,” ते म्हणाले.

वन्सं मटकन गवतावर बसल्या आणि हमसून रडल्या. घोडी मान खाली घालून त्यांचा पदर हुंगू लागली. तशा त्या घाईघाईने मागे सरकल्या.

“नको गं बाई, माझ्या लुगड्याला कारखान्याची धूळ असेल.”