क्लचबाईंचा डावा पाय

अर्धं आयुष्य त्यांनी लोकांना गाडी शिकवण्यात घालवलं. शिकणारा स्टिअरिंगला मगरमिठी मारून बसलेला आणि या शेजारच्या सीटवरून "क्लच, आधी क्लच दाबा" असं घसा कोरडा होईपर्यंत सांगणार. त्यामुळे खरं नाव मागे पडलं आणि क्लचबाई हेच चिकटलं. कितीतरी थरथरत्या माणसांना त्यांनी ट्रकांच्या मधून सुखरूप बाहेर काढलं, स्वतःच्या अंगावर ओरखडा उठू दिला नाही. आणि निवृत्त झाल्यावर, स्वतःच्या घरात, कपाटाशेजारी, पायजमा घालताना पडल्या.

उभ्याउभ्या पायजमा घालायची त्यांची जुनी खोड. बसून कपडे म्हाताऱ्या बायका घालतात, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या सकाळी उजवा पाय पायजम्याच्या ज्या पायात होता, त्याच पायात त्यांनी डावाही घुसवला आणि पडल्या त्या डाव्या खुब्याचं हाड मोडूनच. भेटायला येणाऱ्यांना मात्र पायजम्याचा पत्ता लागू दिला नाही. आधी नुसती ओली फरशी होती, मग त्या फरशीवर शेजारचं मांजर आलं, आणि शेवटी शेवटी तर त्या मांजराला वाचवतानाच पडल्या होत्या.

ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले. घरी आल्या तेव्हा दारात नणंद उभी होती, बॅग घेऊन. क्लचबाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि वन्संही एकट्याच राहायच्या. त्यांनी आल्या आल्या घराचा ताबा घेतला. पाणी हातात, चष्मा हातात, पेपर हातात. क्लचबाईंनी पाय हलवायच्या आत वन्संचे पाय हललेले असायचे.

फिजिओ घरी यायची. तरुण मुलगी, आवाज मऊ, पण सोडायची नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आजी, टाच गादीवरून घासत पाय जवळ घ्यायचा."

"आजी म्हणालीस तर पाय जागचा हलणार नाही."

"बरं बाई, टाच घासा."

टाच घासून झाली की गुडघा गादीत दाबायचा. मग खुर्चीतून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. मग ओट्याला धरून पाय बाजूला उचलायचा. ऐकायला सगळं इतकं सोपं की क्लचबाईंना हसू आलं. करायला गेल्या तेव्हा घाम आला. वॉकर घेऊन चालताना त्यांची मान खाली, नजर पायांवर.

"बाई, समोर बघा. पाय कुठे पळून जात नाहीत," फिजिओ म्हणाली.

क्लचबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिअरच्या दांड्याकडे बघत गाडी चालवणाऱ्यांना त्या हेच, याच सुरात सांगायच्या. शिकणाऱ्यांचे प्रकार त्यांना तोंडपाठ होते: रडका, घाबरट, आणि सगळ्यात वाईट तो, ज्याला आपल्याला येतंच असं वाटतं. आपण तिसऱ्यातल्या, हे त्यांना लगेच कळलं. ते कळून काही उपयोग झाला नाही, हा भाग वेगळा.

कारण फिजिओ गेली की त्या चक्क चोरी करू लागल्या. संध्याकाळचा व्यायाम पलंगावरच करायचा होता. त्या आरामात पडून पेपर वाचायच्या आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात मोजायच्या, "एक... दोन... आई गं... तीन." ते 'आई गं' घालायची अक्कल आपल्याला सुचली, याचं त्यांना मनातून कौतुकही वाटायचं.

एका दुपारी वन्संनी गॅसवर दूध ठेवलं आणि तेवढ्यात कपडे वाळत घालू म्हणून गॅलरीत गेल्या. वाऱ्याने दार धाडकन लागलं आणि आतली कडी आपसूक खाली पडली. क्लचबाई तेव्हा सोफ्यावर होत्या. हा सोफा इतका खोल की फिजिओने त्यावर बसायला बंदी घातली होती. म्हणून त्या फक्त ती नसताना बसायच्या.

"वहिनी, कडी पडली," काचेपलीकडून वन्सं म्हणाल्या. "पण आधी गॅस बंद कर. दूध आहे."

"आलेच," क्लचबाई म्हणाल्या आणि उठल्या. म्हणजे उठायला गेल्या. अर्ध्यावर जाऊन धप्पकन परत बसल्या. वॉकरला धरून ओढून बघितलं, तर तोच कलंडायला लागला. पुन्हा धप्प. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा फसफस आवाज आला, पाठोपाठ करपट वास. आता ज्योत विझली तर गॅस घरभर पसरेल, हे लक्षात आलं आणि त्या आणखीच घाईने धडपडू लागल्या.

"वहिनी, घाई नको," बाहेरून आवाज आला. "ती मुलगी सांगते तसं कर. पुढे सरक आधी."

क्लचबाईंनी डोळे मिटले. शिकवलेलं एकेक आठवलं, आणि आठवलं म्हणजे त्यांनी ते ऐकलं होतं, एवढं सिद्ध झालं. काठापर्यंत सरकल्या. पाय मागे घेतले, हात सोफ्याच्या दांड्यांवर टेकले, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतक्या वाकल्या आणि सगळा जोर लावला. मांड्या लटलटल्या, पण या वेळी त्या उभ्या राहिल्या. मग वॉकर पुढे, दुखरा पाय, मग चांगला पाय. स्वयंपाकघर एवढं लांब कुणी नेऊन ठेवलं, असं त्यांना वाटलं. ज्योत विझलीच होती. त्यांनी बटण बंद केलं, खिडकी ढकलली आणि सांडलेल्या दुधाला वळसा घालून गॅलरीकडे निघाल्या.

कडी उघडली तेव्हा वन्सं डोक्यावर ओला टॉवेल घेऊन उन्हात उभ्या होत्या, तोंड लालबुंद.

"सगळं दूध गेलं?"

"गेलं."

दोघी शेजारी शेजारी बसल्या. क्लचबाई या वेळी उंच खुर्चीवर.

"मी व्यायाम करत नव्हते, वन्सं."

"माहीत आहे मला. तू मोजताना पेपरची पानं वाजायची."

"मग बोलला का नाहीत?"

वन्संनी टॉवेल पिळला. तो आधीच पिळलेला होता.

"तू चालायला लागलीस की मला घरी जावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "तिथे कुणाला पाणी नेऊन देऊ?"

क्लचबाईंनी वॉकर जवळ ओढून घेतला. मग म्हणाल्या, "जायला कुणी सांगितलंय? फक्त पाणी माझं मला घेऊ द्या."

तेव्हापासून संध्याकाळी ओट्यापाशी दोघी उभ्या राहू लागल्या. एक खुब्यासाठी, दुसरी सोबतीसाठी. सोबतीला आलेल्या वन्संचा पाय जास्त उंच जायचा, याचा क्लचबाईंना भयंकर राग यायचा आणि त्या रागाने व्यायाम मात्र चांगला व्हायचा. फिजिओला हे गुपित कळलं आणि ती वन्संची जास्तच स्तुती करू लागली.

वॉकर सुटला, काठी आली. थंडीत खुबा कुरकुरतो, चालताना डावीकडे किंचित झोल जातो. तो राहणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जिना उतरून क्लचबाई पहिल्यांदा रस्त्यावर आल्या तेव्हा वन्सं शेजारी होत्या, हात न धरता, पण धरता येईल इतक्या जवळ. फुटपाथवरून त्या कोपऱ्याकडे निघाल्या. मागून एक काठीवाले आजोबा आले, त्यांनी मान लववली आणि पुढे निघून गेले.

"ओव्हरटेक केलं त्यांनी," वन्सं म्हणाल्या.

क्लचबाईंनी वेग वाढवला. तो वाढल्याचं त्यांच्याशिवाय कुणाच्याही लक्षात आलं नाही.